एर्सिलिया तळघरात उतरली

आमच्या डोंगरातल्या गावात सलामी, म्हणजे डुकराचं मांस आतड्यात भरून टांगून सुकवायचं, ते काम पुरुषांचंच. बाईचा हात लागला, त्यातही पाळीतल्या बाईचा, की माल नासतो, असं सगळेच मानायचे. एर्सिलियाचा बाप देल्मो तर नावाजलेला कारागीर. लेकीनं आतडी धुवायची, दोरा ओढून द्यायचा; तळघरात मात्र पाऊल टाकायचं नाही.

एका डिसेंबरात डुक्कर कापून झालं आणि दुसऱ्याच दिवशी देल्मोचं उजवं अंग लुळं पडलं. शेजारचा ओरेस्ते आला.

"मांस मला देऊन टाक, पोरी. हे बायकांचं काम नाही."

"आतडी मी धुतलीत, काका. भरणारही मीच."

"आणि नासलं तर?"

"तर वास येईलच तुमच्यापर्यंत."

तिनं मांस सुरीनं बारीक चिरलं, मीठमिरी लावली, लसूण भिजवलेली वाइन ओतली. चाळीस सलामी बांधल्या. दुसऱ्या दिवशी पाळी आली, तशीच त्या टांगायला तळघरात उतरली. वर खाटेवरून देल्मो ओरडत होता. जीभ जड झाल्यानं शब्द कळत नव्हते, पण अर्थ कळत होता.

"ओरडा बाबा," ती खालून म्हणाली, "छाती मोकळी होते."

धुकं आलं की ती खिडकी लावायची, कोरडा वारा सुटला की उघडायची. जानेवारीत काही सलामींवर काळी बुरशी दिसली. मी, तिची मैत्रीण, दिवा धरून उभी होते. एकेक सलामी तिनं व्हिनेगरनं पुसून काढली. पंधरवड्यात सगळ्यांवर पिठासारखी पांढरी बुरशी चढली; माल जमत असल्याची हीच खूण.

मार्चमधल्या एका रविवारी, लोक चर्चमधून परतत असताना, तिनं रस्त्याकडची खिडकी सताड उघडली. मिरी, अळंबी, ओला दगड आणि त्यामागून भाजलेल्या बदामासारखा गोडसर वास. चालणारे थांबले. ओरेस्तेही थांबला.

"एक फोड दे की."

"बाईच्या हातची चालेल?"

"चालेल," तो पुटपुटला.

"मोठ्यानं म्हणा, काका. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"चालेल म्हटलं ना!"

फोडी वाटून झाल्यावर ती वर गेली. मीही मागोमाग. देल्मोनं फोड बराच वेळ नाकाशी धरली, मग सावकाश चावली.

"लसूण... जास्त."

"मला असाच आवडतो," एर्सिलिया म्हणाली आणि स्वतःसाठी जाड फोड कापली.