अण्णा, क्लच आणि मी न लिहिलेलं पत्रक

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिकपेटमध्ये छापखानेवाल्याशी भांडत होते. बेळ्ळंदूरच्या उंच इमारतींत साफसफाई करणाऱ्या बायकांसाठी पत्रक छापायचं होतं आणि त्यानं मथळा बारक्या अक्षरांत घेतला होता. मथळा लांबून दिसला पाहिजे, असं मी त्याला तिसऱ्यांदा सांगत होते, तेवढ्यात अण्णांच्या घरून काकूंचा फोन. "अण्णा गेले गं. जेवून आडवे झाले होते... उठलेच नाहीत." गल्लीत कापडाचे गठ्ठे उचलून नेणारी माणसं कानडीत "सरी, सरी", सरका सरका, म्हणत मला बाजूला सारत होती आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी. सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो हा, की मग आता क्लचचं कोण ठरवणार? त्याच आठवड्याच्या सुरुवातीला, रविवारी, अण्णा मला म्हणाले होते, "पुढच्या रविवारी सोक्षमोक्ष लावू. तू तुझं दुसरं पत्रक घेऊन ये." मी ते लिहिलंच नव्हतं. लिहिणारही नव्हते. याला आता दीड महिना झाला, तरी कुठंही पाच मिनिटं स्वस्थ बसवत नाही.

वामनअण्णा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले चुलतभाऊ. आमचं घराणं किती पिढ्या बेंगळुरात आहे ते आमच्यातल्या कुणालाच धड सांगता येत नाही. बाबा आणि अण्णा एकाच सरकारी विमान कारखान्यात होते. अण्णा इंजिनं तपासायच्या विभागात आणि बाबा यंत्रशाळेत. पण बाबांचं खरं काम युनियनची पत्रकं लिहिण्याचं. ती छापली जायची कानडीत, पण बाबा आधी मराठीत खरडायचे आणि मग कानडी करायचे. त्या खरड्यांवर मी वाचायला शिकले. बाराखडीनंतर मी वाचलेला पहिला जोडाक्षरी शब्द बहुधा 'व्यवस्थापन' असावा आणि तो शिवी आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. बाबा गेले, मी मोठी झाले, एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत नोकरीला लागले, ती सोडली, आणि पत्रकं लिहू लागले. अण्णा मला 'पत्रकबाई' म्हणायचे. "या पत्रकबाई! आज कुणाचा धिक्कार?" हे त्यांचं स्वागत.

निवृत्तीनंतर अण्णांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पॅरामोटरची इंजिनं जुळवायला घेतली. पॅरामोटर म्हणजे काय, तर डोक्यावर पॅराशूटसारखा कापडी पंख, पाठीवर पिशवीसारखं अडकवलेलं इंजिन, त्याला मागे प्रॉपेलर, भोवती जाळीची चौकट. माणूस मोकळ्या मैदानात दहा-वीस पावलं पळतो आणि त्याचे पाय जमिनीवरून सुटतात. स्वतः अण्णा कधी उडाले नाहीत. "मी खालचा माणूस," म्हणायचे. त्यांच्याबरोबर असायचा मंजुनाथ. स्कूटर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करणारा, चाळिशीचा, कमी बोलणारा. दर रविवारी सकाळी दोघं होसकोट्याच्या पुढं एका मोकळ्या रानात जायचे. इंजिन लाकडी घोडीवर बांधून सुरू करायचं, ऐकायचं, बंद करायचं, परत यायचं. शेवटचं इंजिन अण्णा मंजुनाथसाठीच जुळवत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांना उडवणाऱ्या माणसानं आता स्वतः उडायचं होतं. सगळं तयार होतं. अडलं होतं ते एका गोष्टीवर, क्लच बसवायचा की नाही.

गोष्ट सोपी आहे. क्लच नसेल तर इंजिन सुरू झाल्याबरोबर प्रॉपेलर फिरू लागतो. क्लच असेल तर बिनगिअरच्या स्कूटरसारखं होतं. इंजिन मंद चालू असतं, पण पातं जागेवर उभं असतं. मुठीतला थ्रॉटल, म्हणजे वेगाचा खटका, दाबला की मगच फिरतं. क्लचनं वजन वाढतं, भाग वाढतात, बिघडायच्या जागा वाढतात. पण सुरू करणाऱ्याच्या पाठीमागं पातं फिरत नाही. यात वाद तो काय? निदान मला काही वाद दिसत नव्हता, कारण मागल्या वर्षी मंजुनाथच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं प्रॉपेलरनं नेली. मी आठवड्यानं शेडमध्ये गेले तर घोडीवर बिनक्लचचं इंजिन. माझं डोकंच फिरलं. घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'जखमी हाताला जबाबदार कोण?' हा मथळा, लाल अक्षरांत. खाली, की जे दीड किलो वजन वाचवण्यासाठी माणसाची बोटं खर्ची पडतात ते वजन नसून गुन्हा आहे. ते मी शेडच्या दारावर चिकटवलं, अण्णांच्या देखत.

अण्णांनी चष्मा चढवून शेवटपर्यंत वाचलं. कधी नव्हे ते काही थट्टा केली नाही. म्हणाले, "चांगलं झालंय. आता याच्या उलट लिही."

"म्हणजे?"

"क्लच नको, असं पत्रक. इतकंच जोरात."

ही त्यांच्या विभागातली जुनी रीत होती. इंजिनात एखादा भाग वाढवावा असं ज्याला वाटे, त्यानंच तो का वाढवू नये याचं टिपण लिहून आणायचं. ते वाचून समोरच्याचं मत डळमळलं नाही तर टिपण परत. अण्णा म्हणायचे, आपल्या बाजूनं कुणीही लिहील, त्याला अक्कल लागत नाही.

मी भडकले. "मालकाच्या बाजूनं मी लिहीत नसते अण्णा. बाबांनी लिहिलं असतं का?"

"इथं मालक कोण गं? मी? बनियनवर उभा आहे मी!"

"बोटं त्याची गेली, तुमची नाही."

अण्णांनी चष्मा उतरवला. मग म्हणाले, "त्याला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की!"

"सरी," म्हणजे ठीक, असं अण्णा म्हणाले आणि आत गेले. पुढं वर्षभर ते माझ्याकडे ते दुसरं पत्रक मागत राहिले. कधी हसत, कधी काकूंच्या हातचा लिंबू पिळलेला भात, चित्रान्न, माझ्या पुढ्यात ठेवत. "स्वल्प लिही गं, चार ओळी लिही." मी नाहीच म्हणत राहिले. तत्त्वाचा प्रश्न होता. आमच्या घरात तत्त्वाच्या प्रश्नावर चित्रान्न खाऊन माघार घ्यायची पद्धत नाही.

तेराव्यानंतर काकूंनी शेड आवरायला बोलावलं. मंजुनाथ आधीच आला होता, अर्ध्या इंजिनासमोर बसून. एका बाजूला नवा क्लच खोक्यात, दुसऱ्या बाजूला तो न बसवता जोडायचे भाग. अण्णांनी दोन्ही आणून ठेवलं होतं. तो माझ्याशी कानडीत बोलतो, इथं मराठीत लिहिते. "मेडम, तुमचा कागद आणला का? सर म्हणाले होते तुम्ही आणाल, मग ठरवू."

मी म्हटलं, "कागद कशाला? क्लच बसवा. त्या दिवशी क्लच असता तर तुमची बोटं गेली असती का?"

त्यानं मान वर केली. "त्या दिवशी क्लच होता."

मला आधी समजलंच नाही. त्यानं परत सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. इंजिन घोडीवर चालू होतं, मंद. क्लच असल्यानं पातं स्थिर. शेजारी पसरून ठेवलेल्या पंखाची एक दोरी वाऱ्यानं येऊन पात्यात अडकली होती. पातं उभं आहे म्हणून तो ती काढायला गेला. थ्रॉटलची तार अण्णांच्या मुठीत होती. कुणीतरी मागून हाक मारली, अण्णा वळले, आणि वळताना मूठ आवळली गेली.

"सरांनी त्याच संध्याकाळी क्लच उतरवून टाकला. म्हणाले, उभं असलेलं पातं खोटं बोलतं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. दारावरच्या माझ्या कागदाचे कोपरे निघाले की अण्णाच त्यांना चिकटपट्टी लावायचे, असं त्यांनी सांगितलं. "मी म्हटलं काढा तो. तर म्हणाले, राहू दे, प्रश्न बरोबर आहे पोरीचा." म्हणजे वर्षभर तो माणूस सकाळ-संध्याकाळ माझा लाल मथळा ओलांडून आत जात होता. आणि उलट पत्रक मागत होता ते मला हरवायला नव्हे. ते लिहायचं तर मला मंजुनाथकडे जावं लागलं असतं, आणि गेले असते तर त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं नसतं... अण्णा, एवढं अवघड होतं? की माझ्यासारखीला सांगणं अवघड होतं? मी लोकांच्या वतीनं बोलते, असं मी अभिमानानं सांगत फिरते. ज्याच्या बोटांवर पानभर लिहिलं त्याला एक वाक्य विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी ते पत्रक लिहिलं. मंजुनाथच्या गॅरेजमध्ये, त्याच्या शेजारी टायरवर बसून, प्रत्येक ओळ त्याला वाचून दाखवत. दोनदा तो म्हणाला, "हे मी म्हटलं नाही," आणि मी खोडलं. शेवटी दोन्ही बाजू त्याच्यापुढं ठेवल्या आणि म्हटलं, उडणार तुम्ही, ठरवा तुम्ही.

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "दोन्ही खरंय मेडम. पण क्लच असो नसो, माझा हात पात्याजवळ असताना थ्रॉटल दुसऱ्याच्या हातात नको. तेवढं लिहा. आणि क्लच नको. फिरतंय ते फिरताना दिसू दे."

मला अजून पूर्ण पटलेलं नाही, हेही इथं लिहून ठेवते. नवख्या माणसाच्या यंत्राला क्लच असावा असंच मला वाटतं. रात्री-अपरात्री उठून मनातल्या मनात मंजुनाथशी वाद घालते. पण निर्णय त्याचा होता आणि तो घेतला गेला.

मागल्या रविवारी आम्ही तिघं होसकोट्याच्या रानात गेलो. काकू पहिल्यांदाच आल्या. मंजुनाथनं इंजिन घोडीवर बांधलं, थ्रॉटल स्वतःच्या डाव्या मुठीत घेतला आणि उजव्यानं, टोकं गेलेल्या त्या बोटांनी, इंजिन सुरू करायची दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला सुरू झालं. पातं लगेच फिरलं, दिसेनासं झालं. मी माझ्याही नकळत पुढं सरकले.

"हात मागं घे," काकू ओरडल्या. "अण्णा कसे उभे राहायचे, विसरलीस?"

मला आठवलं. गेलं वर्षभर कुठलंही इंजिन सुरू झालं की अण्णा दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. शेडमध्ये, रस्त्यात, अगदी घरी मिक्सर लागला तरी. मी त्यावरून त्यांना 'इन्स्पेक्शनला आलेले साहेब' म्हणून चिडवायचे आणि ते हसायचे. मी हात मागं नेले. नुसते गुंफून जमेना, ते सुटून येत होते. मग डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट घट्ट धरलं, तेव्हा कुठं ते राहिले. अण्णाही असंच धरायचे. उजवं मनगट. त्यांचा थ्रॉटलचा हात उजवा होता.