फ्लॉपीतली हळद

संगणकाचा कोर्स पास झाले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते, आणि आमच्या अख्ख्या डोंगरकडा गावात माझ्याएवढं शहाणं कुणी नाही अशी माझी खात्री होती. शाळेतल्या नोकरीमुळं कोर्स सक्तीचा होता, पण मी तो हौसेनं केल्यासारखी मिरवायची. पर्समधून फ्लॉपी काढायची, फुंकर मारायची, परत ठेवायची. त्या फुंकरीचा उपयोग काय, हे मला आजही ठाऊक नाही.

त्याच वर्षी हिंगोलीच्या एका साप्ताहिकानं हळदीवर विशेष अंक काढायचं ठरवलं. आमच्या सासूबाईंचा हळद शिजवण्यात हातखंडा. कढईवरच्या वाफेचा नुसता वास घेऊन त्या सांगायच्या, "आता उतरवा." त्यांचा लेख त्यांच्याच नावानं द्यायचा ठरला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. चार दिवस त्या एकच विचारत होत्या, "माझंच नाव येणार ना? मालकाचं न्हाई ना?" मालक म्हणजे माझे सासरे.

त्यांनी सांगितलं आणि मी सुधारलं. त्या म्हणाल्या, "काडी खुपसून बघायची." मी कळमनुरीच्या क्लासमध्ये बसून टाइप केलं, 'काष्ठशलाकेने परीक्षण करावे.' टाइप झाल्यावर कच्चा कागद चुलीत घातला. फ्लॉपी असताना कागद कशाला?

सासूबाई नवं लुगडं नेसून माझ्यासोबत हिंगोलीला आल्या. साप्ताहिकाचे संपादक स्वतःच कॉम्प्युटरवर बसत. त्यांनी फ्लॉपी घातली, फाइल उघडली. पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, मधेच एखादा डॉलर.

"तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय," मी शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं.

"न्हाई मॅडम. फाइल आली, फॉन्ट आला न्हाई. फाइलीत नुसते आकडे असतात. कोणत्या आकड्याला कोणतं मराठी अक्षर काढायचं, ते फॉन्टला ठाऊक. तुमच्या क्लासातला फॉन्ट आमच्या मशीनवर न्हाई. तो पण सोबत आणायचा असतो, न्हाई तर कागदावर छापून तरी."

कोर्सच्या परीक्षेत मला उत्तम गुण होते. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"छापून बघा, छापल्यावर बराबर येईल," मी हटून बसले. त्यांनी बिचाऱ्यांनी छापलं. टोप्या, प्रश्नचिन्हं, डॉलर, सगळं स्वच्छ उमटलं. क्लासला त्या दिवशी सुट्टी होती आणि चार वाजता पानं छपाईला जायची होती. माझे डोळे भरून आले.

सासूबाईंनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "चांगलं तर आलंय. काहून रडून राहिली?"

"मामी," मी सासूबाईंना म्हटलं, "यातलं एक अक्षर वाचता येत न्हाई."

"मग? मला सगळं लिहिलेलं असंच दिसतं. मी रडते का?"

संपादक हसले. मला हसू आलं नाही. सोळा वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, शाळेत दुसऱ्यांच्या लेकरांना बाराखडी शिकवली, आणि घरातल्या या बाईला कागद कसा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या मात्र खुर्ची ओढून संपादकांशेजारी बसल्या. "भाऊ, तुमच्या मिशनीत तुमचं अक्षर उमटतं ना? मग मी बोलते, तुमी बडवा."

"आजी, हळद किती वेळ शिजवायची?"

"तुमच्या घरी भात काय घड्याळ बघून शिजतो? फेस आला, वास सुटला, की काडी खुपसायची. सहज गेली की झालं."

काडी काडीच राहिली. चारच्या आत पान लागलं. मी बाकावर बसून चहा प्यायले, एवढंच माझं योगदान.

अंक आला. सगळ्यात वर त्यांचं नाव, मालकाचं नाही. त्यांनी मला ते बोटानं दाखवायला लावलं आणि त्या जागी स्वतःचं बोट कितीतरी वेळ ठेवलं. पुढं घरी कुणी आलं की ट्रंकेतून दोन कागद निघायचे. आधी कात्रण, "हे माझं." मग टोप्यांचा कागद, "अन् हे सूनबाईचं. लई शिकलेली हाय, कुणालाच वाचता येत न्हाई."

ती फ्लॉपी घालायला आता घरात खाच नाही. कागद दोन्ही आहेत, हळदीच्या बोटांचे डाग पडलेले. नातीला दाखवते तेव्हा क्रम तोच ठेवते.