बड्या दिनाची बंदी

नाताळाच्या कामात माझ्या बायकोला हातभार लावायला आलेल्या बायांना मीच दारातून परत पाठवलं होतं. त्या दिवशी ही गोष्ट तिला सांगण्यासारखी वाटली नाही, आणि जेव्हा वाटली तेव्हा सांगायची हिंमत उरली नव्हती.

भंडाऱ्यात आमची गल्ली विणकरांची. माग आता थोड्याच घरांत चालतात, पण रीती टिकून आहेत. इथे दिवाळीचा फराळ कोणी एकटी करत नाही. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. पीठ आणि तेल ज्या घरचं त्या घरचं, हात सगळ्यांचे. जी ती येताना आपला झारा आणि लाटणं घेऊन येते. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. तरी आम्ही राहायला आलो त्याच वर्षी समोरच्या मावशींनी बायकोला हाक मारली आणि ती लाटणं घेऊन गेली. तेव्हापासून एकाही दिवाळीला ती चुकली नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात मावशी आमच्या दारात आल्या. मागे दोघी-तिघी जणी, प्रत्येकीच्या हातात झारा. बायको अड्याळच्या दवाखान्यात नर्स आहे. ती अजून एस.टी.तून उतरायची होती. नाताळाला इथे बडा दिन म्हणतात. मावशींनी विचारलं, बडा दिन जवळ आला, फराळाला कधी बसायचं? मी उंबरठ्यावर उभा राहून म्हणालो, "नाही मावशी, आमचं वेगळं असते. तिचं ती करून घेईल."

का म्हणालो? केकमध्ये अंडी पडतात, मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यांना अवघड होईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण हे नव्हतं. मला संकोच वाटला. आमचं सामान थोडं, स्वयंपाकघर अंधारं, आणि आपला सण कोणाच्या मदतीवाचून होतो असं दाखवायची एक खोटी ऐट. ती ऐट माझी होती आणि राबायचं तिला होतं.

त्या गेल्या, आणि पुन्हा कधी आल्या नाहीत.

पुढची सगळी वर्षं डिसेंबर असा जायचा: सकाळची एस.टी., दिवसभर बाळंतिणी आणि ताप, संध्याकाळी परत. मग करंज्या, शंकरपाळे, साच्यावर तळलेली गुलाबफुलं, मुलीचा फ्रॉक, पडदे धुणं. गाणी म्हणत चर्चची मंडळी घरी आली की त्यांच्या चहा-फराळाचंही तीच पाहायची. मी दारावर कागदी चांदणी टांगायचो आणि सण मीच केल्यासारखा मिरवायचो. तिचा थकवा मला दिसत नव्हता असं नाही. त्यावर मी वस्तू आणायचो. आधी मोठा मिक्सर, मग विजेची भट्टी. त्या भट्टीत केक एका बाजूने करपायचा. शेवटी तिच्यावर कापड टाकून ठेवलं, आणि बायकोला पुसायला आणखी एक वस्तू झाली.

आता मुलगी नागपूरला शिकते. यंदा डिसेंबर लागला तेव्हा बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अजी, यंदा मी काही करत नाही. बेकरीतून आणा. चांदणीही नका लावू."

मी विचारलं, काहून? तब्येत बरी नाही का?

"तब्येतीचं काय. मी सगळ्यांच्या दिवाळीले जाते. माह्या नाताळाले कोणी उंबरठा ओलांडत नाही. माह्या हाताचं चालते, माह्या घरचं चालत नाही. समजून घेतलं मी. मावशींच्या घरी काहीच बोलली नाही कधी. पण आता हात उचलत नाही."

इतकी वर्षं ती ज्या बायांमध्ये हसत बसली, त्यांच्याबद्दल हा काटा घेऊन बसली होती. आणि तो काटा मी ठेवलेला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पिशवी घेऊन बेकरीत निघालो.

बेकरीपर्यंत पोहोचलो नाही. समोरच मावशी ओसरीवर चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. चरखा थांबला.

"म्हणजे ते देवाचं नव्हतं, तुहंच होतं?"

"माझंच, मावशी."

"आम्ही त इतके वर्ष तुह्या देवालेच कडक समजत होतो, बाबू." मग म्हणाल्या, "गल्लीत पोरींले सांगून ठेवलं होतं मी, त्याहिच्या बड्या दिनाले बाहेरचा हात चालत नाही. सोवळं असंन. विचारून कायले तिचं मन दुखवा."

मी घातलेली बंदी त्यांनी पाळली होती, तीसुद्धा माझ्याच देवाच्या मानासाठी. मला वर पाहवेना. मावशींनी पुन्हा चरख्याला हात घातला. म्हणाल्या, रविवारी दुपारी येऊ. पण तिला आधी तू सांग, ते आमच्या तोंडून यायचं नाही.

मी सांगितलं नाही. रोज ठरवायचो आणि रोज ती थकून आलेली असायची, हे निमित्त मला पुरायचं. फक्त मैदा, रवा आणि तेल आणून ठेवलं. ती एकदा त्या पिशव्यांकडे पाहून काही न विचारता निघून गेली.

रविवारी कडी वाजली. दार बायकोनेच उघडलं. मावशी पुढे, मागे गल्लीतल्या बाया, हातांत झारे, लाटणी, एकीच्या डोक्यावर वैनगंगेच्या वाळूचं घमेलं. बायको बाजूला सरायचंही विसरली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, तेव्हाच त्यांना कळलं. त्यांनी बायकोच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "सर पोरी, बसू दे."

कोणी कोणाला काम सांगितलं नाही. एकीने पीठ ओढलं, दुसरीने सारण, तिसरी कातणं घेऊन करंजीची कड कापू लागली. लाटी एका हातातून दुसऱ्या हातात जायची आणि कढईपर्यंत करंजी होऊन पोहोचायची. मागावर धागा जातो तशी. अंगणात तीन विटांवर पितळी पातेलं चढलं, तळाला वाळू, वाळूत केकचा डबा, झाकणावर निखारे. अंडी मावशींनी फोडली नाहीत. म्हणाल्या, "अंडं मले चालत नाही, वाळू चालते," आणि विस्तवापाशी जाऊन बसल्या. एवढंच होतं ते. ज्या अवघडलेपणाच्या नावाखाली मी इतकी वर्षं दार लावून ठेवलं, ते एका वाक्यात उरकलं.

कोणी तरी बायकोला चिडवलं की नर्सबाईची करंजी टाके घातल्यासारखी दिसते. ती हसली, आणि भिंतीला पाठ टेकून बसली. डिसेंबरात, माझ्या घरात, हात मांडीवर ठेवून बसलेली माझी बायको मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी दारातच उभा होतो. हे सगळं तेव्हाही समोरच्या ओसरीवर होतं. ते बाजारात मिळत नव्हतं आणि मी बाजारात शोधत होतो.

केक निघाला, चारी बाजूंनी सारखा फुललेला. बाया हात धुऊन निघाल्या. उंबरठ्यापाशी बायकोने विचारलं, "मावशी, इतक्या वर्षांनी आज कशी वाट सापडली?"

मावशींनी पदर सारखा केला. "वाळू आता मिळाली चांगली," म्हणाल्या, आणि चप्पल घालायला वाकल्या.

त्यांनी मला सोडवलं होतं. गप्प राहिलो असतो तर सण गोडच झाला असता. पण हाच उंबरठा होता आणि तेव्हा आलेल्या बायाही त्यांत होत्या.

"वाळूचं नाही," मी म्हणालो. बायको माझ्याकडे वळली. "पहिल्या वर्षीच आल्या होत्या मावशी, दोघी-तिघींना घेऊन. तू दवाखान्यात होती. मी इथूनच परत पाठवलं. तुह्या घरचं चालत नव्हतं असं कधीच नव्हतं. मी चालू दिलं नाही. इतके वर्ष तू एकटी राबली ते माह्यामुळं. चूक माही आहे. मले माफ कर."