टाकीतली घूं

मुलगा अजून ती जुनी मोटरसायकल काढतो. किल्ली फिरवल्यावर पेट्रोलच्या टाकीतल्या पंपाची घूं ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

पारशिवनीहून नागपूरला, दवाखान्यात शेवटच्या घटका मोजणाऱ्या माझ्या बाबांकडे आम्ही दोघं निघालो होतो, तेव्हा वाटेत हीच गाडी बंद पडली.

"काय झालं जी? लवकर करा नं!"

"चूप वं, आयकू दे." नवऱ्यानं टाकीला कान लावला. घूं नव्हती. "पंपाले करंट देनारा रिले गेला." त्यांनी हॉर्नचा तसाच रिले उपसून पंपाला लावला. घूं आली.

"आता हॉर्न तूच."

मग ट्रक, रिक्षा, गाई, सगळ्यांवर मी दवाखान्यापर्यंत ओरडत राहिले, "सरका! सरका!"

बाबांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "कोन आलं?"

ओरडून ओरडून बसलेल्या माझ्या घशातून आवाजच फुटेना.