पंपाच्या पुढे

हडपसरच्या पुढे एका कागद कारखान्यात मी केमिस्ट होते. लगदा जाळीवर पसरला की पाण्याबरोबर त्यातले बारीक तंतूही वाहून जायचे आणि खाली दुधासारखं गढूळ पाणी यायचं. ते तंतू जाळीवरच धरून ठेवायला मी पॉलिमरचं एक औषध आणलं. लगदा जाळीकडे ढकलणाऱ्या पंपापाशी ते तीन दिवस सोडून पाहिलं, पण पाणी गढूळच.

मशीनवर एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, "मॅडम, औषध तुम्ही पंपाच्या आधी सोडताय. त्यानं धरलेलं सगळं पंप मोडून टाकतोय. पंपाच्या पुढं सोडून बघा की."

मी तसं केलं. तासाभरात पाणी निवळलं.

अहवालात ती सूचना मी माझी म्हणूनच लिहिली. मला बढती मिळाली. मग औषध आपोआप सोडणारं यंत्र बसलं आणि लगदा मुठीत दाबून औषध किती लागेल ते सांगणाऱ्या मामांची तिथे गरज उरली नाही. त्यांना रद्दी निवडायला पाठवलं. दिसले की हसून विचारायचे, "बरं चाललंय ना, मॅडम?" मी मान हलवून निघून जायचे.

गेल्या वर्षी ते वारले. मी लोणी काळभोरला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलीनं चहा दिला. म्हणाली, "बाबा तुमचं लई कौतुक करायचे. म्हणायचे, एवढ्या वर्षांत एकट्या मॅडमनीच माझं ऐकलं."

सगळं सांगून टाकायचं ठरवूनच मी गेले होते. चहा संपवला आणि कोथरूडला घरी परत आले.