साठी उलटलेल्यांची कुस्ती

आमच्या ह्यांना अख्खा गाव 'दुसरा स्पिरिडोन' म्हणतो. पहिला स्पिरिडोन गावात कोणी नाही बरं का! जन्मभर कुस्तीत दुसरे आले, म्हणून ते नाव चिकटलं. नवी वाइन पिंपातून काढायच्या दिवसांत संत दुमित्रूची जत्रा असते, तेव्हा आमच्याकडे कुस्त्या होतात. पहिल्याला मेंढा, दुसऱ्याला कोंबडा. लग्नानंतरच्या जत्रेत हे कोंबडा काखेत मारून घरी आले, तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं! पुढे पुढे मी म्हणायला लागले, "अहो, निदान एखादी कोंबडी तरी जिंका. अंडी तरी मिळतील."

मेंढा न्यायचा तो पोयानाचा किरिल. पोयाना म्हणजे नदीपलीकडचं गाव. माणूस अंगानं आडदांड आणि तोंडानं फटकळ. रिंगणात उतरतानाच विचारायचा, "काय रे स्पिरिडोन, खुराडं झाडून आलास ना?" हे हसण्यावारी न्यायचे, पण घरी आल्यावर जेवायला बसायचे नाहीत. कोबीच्या पानातला भात मी ताटात वाढलेला तसाच निवून जायचा.

आमचा मोल्दोवा एवढासा देश, पण कुस्तीचं वेड विचारू नका. असल्या गावातल्या रिंगणातून उठलेली पोरं परदेशातून पदकं आणतात. ह्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण तर थेट देशाच्या संघात गेला. गावानं ह्यांचा सत्कार केला, फुलं दिली, आणि हे सगळ्यांदेखत म्हणतात, "ते सगळं खरं हो, पण किरिलची पाठ काही मला टेकवता आली नाही." मला मेलीला लाजेनं कुठं बघावं कळेना.

मग परवाच्या जत्रेआधी सरपंचाच्या डोक्यात आलं की साठी उलटलेल्या जुन्या पैलवानांची एक वेगळी कुस्ती लावायची, आणि तिलाही मेंढाच ठेवायचा. नावं दिली ती ह्यांनी आणि किरिलनंच. झालं! आमचं घर पुन्हा तालीम झालं. हे पहाटे द्राक्षमळ्याचा चढ पळत चढायचे आणि धापा टाकत परत यायचे.

"बरगडी मोडून आलात तर मी तेल चोळायची नाही, सांगून ठेवते," मी म्हटलं.

"टेक्ला, एकदाच गं. एकदाच त्याला उचलून टाकू दे. मग मेलो तरी चालेल."

"मरायचं असलं तर आधी लाकडं फोडून ठेवा."

तोंडानं बोलले खरी, पण आतून माझाही जीव टांगणीला लागला होता. जन्मभर ह्या एका गोष्टीनं माझ्या नवऱ्याला पोखरलं होतं.

जत्रेच्या दिवशी किरिल आला तो जाडजूड मेंढीच्या कातड्याचा कोट घालून. तोंड उतरलेलं वाटलं. वय झालं, म्हटलं. पण जीभ तशीच. "टेक्ला, खुराड्यात जागा आहे ना?"

"आहे की! ह्या वेळी तू बस तिथं," मी म्हटलं, आणि लोक खो-खो हसले.

नियम साधा. पाठ टेकली की कुस्ती संपली. वेळ संपेपर्यंत कोणाचीच टेकली नाही, तर समोरच्याला आधी गुडघ्यावर आणणारा जिंकला. किरिलनं ढगळ सदऱ्यावरचा कोट उतरवला, दोघांनी एकमेकांचे कमरपट्टे धरले, आणि पहिल्याच झटक्याला किरिलनं आपली जुनी टांग मारली. हे गुडघ्यावर! पण हे उठले, आत घुसले आणि त्याला कवेत घेतलं. किरिलचे पाय लटपटताना मी डोळ्यांनी बघितले. रिंगणाभोवती सगळा गाव ओरडायला लागला, "टाक, स्पिरिडोन! टाक!"

आणि हे टाकेनात! किरिलच्या खांद्यावर हनुवटी टेकून, डोळे मिटून नुसते उभे. मी किंचाळले, "अहो, झोपलात काय?" शेवटी पंचानं शिट्टी मारली आणि हात वर केला तो किरिलचा.

जिंकलेल्यानं मेंढा खांद्यावर घेऊन रिंगणाला फेरी मारायची असते. किरिल वाकला आणि तसाच वाकून राहिला. तेव्हा आमच्या ह्यांनी मेंढा उचलला, त्याच्या खांद्यावर ठेवला आणि पाठीमागून स्वतःच्या हातांनी तोलून धरत त्याच्याबरोबर फेरी मारली. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती.

घरी आल्या आल्या मी दार लावलं आणि सुटले. "हातातोंडाशी आलेला घास! एवढं जन्मभर झुरलात, आणि ऐन वेळी त्याला मिठी मारून उभे राहिलात? सगळा गाव हसतोय!"

हे बाकावर बसले. अंगावरची धूळही झटकली नव्हती.

"त्याच्यात काही उरलं नाही गं," ते म्हणाले. "सदऱ्याखाली नुसत्या बरगड्या लागत होत्या. ती टांग मारली तेवढंच. नंतर सगळा भार त्यानं माझ्यावर टाकला होता. मी धरलं होतं म्हणून उभा होता."

"मग सोडायचं होतं ना! पडला असता. जिंकला असतात."

"तो आपला आपणच पडला असता, टेक्ला. मला त्याला पाडायचं होतं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ज्याला पाडायचं होतं, तो किरिल आलाच नाही गं. आता यायचाही नाही."

इतक्या वेळा हरून आले, उपाशी झोपले, पण ह्या माणसाच्या डोळ्यांत मी कधी पाणी आलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी हुंदके देऊन रडले. मी आपली शेजारी जाऊन बसले.