निडीच्या बाईंची फाईल

निडी गावच्या या बाई सगळ्या जगाकडे संशयानेच बघायच्या. रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत त्या कॉम्प्युटर सांभाळायच्या आणि त्या खोलीत पाय ठेवणारा माणूस काहीतरी बिघडवायलाच आलाय, अशी त्यांची खात्री असे. मी पेणच्या एका छोट्या सॉफ्टवेअर फर्ममधला. युनिक्स नावाच्या सिस्टीमवर चालणारा आमचा गेटपासचा प्रोग्रॅम तिथे होता. मला त्यांनी कधी पाणी विचारलं नाही की नावाने हाक मारली नाही. "आला पेणवाला," एवढंच.

वैर एका फाईलीवरून सुरू झालं. कोणत्या गोदामाचा पास कोणत्या प्रिंटरवर छापायचा, असल्या सेटिंगची एक फाईल आम्ही प्रोग्रॅमसोबत नमुन्यादाखल द्यायचो. बाईंनी ती कंपनीच्या गरजेप्रमाणे बदलून घेतली होती. पण नवी आवृत्ती बसवली की फ्लॉपीतली आमची फाईल सरळ त्यांच्या फाईलीवर जाऊन बसे. आमच्या साहेबांना त्यात काही वावगं वाटत नसे. एकदा अशाने सगळे पास भलत्याच गोदामात छापले गेले, भरलेले ट्रक फाटकाशी अडकले आणि मॅनेजरने हमालांदेखत बाईंना झापलं. "उद्यापासून घरी बसा," इथवर गेला.

त्याच दुपारी बाई गाडी पकडून पेणला आमच्या ऑफिसच्या दारात उभ्या.

"माझी फाईल कोणी पुसली?"

साहेब हसले. "अहो, ताजी दिली की तुम्हाला."

"ताजी तुमच्या घरी ठेवा. तुमच्या फाईलीला नमुना असं नाव द्या आणि ती बाजूला ठेवा. माझी फाईल नसेल तरच तिची नक्कल करा. असेल तर हात लावायचा नाय. व्हय का नाय?"

साहेब "व्हय" म्हणाले तेव्हाच त्या खुर्चीवर टेकल्या. चहाला मात्र शिवल्या नाहीत.

मी सगळी मांडणी तशी बदलली. तरी बाई काही निवळल्या नाहीत. मी काम करत असलो की पाठीशी उभ्या. "नमुना ठेवलास बाजूला? आता तूही हो." पुढच्या आवृत्तीत एक नवी सोय होती, पण तिच्यासाठी लागणारी ओळ बाईंच्या फाईलीत नव्हती, म्हणून ती चालेना. ओळ घालू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "आधी हात लावून बिघडवलंत, आता न लावता बिघडवताय." आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी रागाने न जेवताच परतलो. पुढच्या खेपेला बघतो तर सोय चालू! नमुन्यात बघून बाईंनीच ती ओळ घातली होती.

मग कंपनीने मुंबईहून नवी सिस्टीम आणली आणि मॅनेजरने बाईंना खरंच घरी बसवलं. त्यांच्या शेवटच्या दिवशी आमचा प्रोग्रॅम काढायला मला पाठवलं. काढतानाही नियम तोच: फाईल नमुन्यासारखीच असेल तर जाते, बदललेली असेल तर राहते. सगळं गेलं, एकच फाईल उरली.

"माझी राहिली?" बाईंनी विचारलं.

"राहिली. बदललेली असली की आम्ही काढत नाही."

"मग बसलायस काय? ऊठ."

माझ्या जागी बसून त्यांनी ती फाईल वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. मग स्वतःच्या हाताने पुसली आणि पिशवी उचलली.

"स्टेशनवर सोडू का, बाई?"

"कशाला? मला वाट ठाव हाय."

इतकी वर्षं मला त्या बाईंचा राग येत होता. त्या शेवटच्या दिवशी तो मॅनेजरचा आला, आणि अजून गेलेला नाही.